हाकेला ओ देणारा प्रोजेक्टर

आमच्या वाड्याच्या माडीत पूर्वी कापूस भरून ठेवत. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत ती खोली छतापर्यंत पांढरी असायची आणि भाव चढायची वाट पाहत कापूस तिथेच पडून राहायचा. आता आमचा माल वावरातून थेट जिनिंगवर जातो. माडी रिकामी झाली आणि भाच्याच्या हट्टापायी तिथे प्रोजेक्टर लागला. सागवानी तुळईला उलटा टांगलेला प्रोजेक्टर, समोर गुंडाळून खाली येणारा पडदा आणि मधोमध मोठेबाबांची आरामखुर्ची. आर्वी तालुक्यातल्या आमच्या लहानशा गावात मॅच पाहायला निम्मी आळी जमते.

पहिल्याच संध्याकाळी मोठेबाबा रिमोट हातात घेऊन बसले आणि पाच मिनिटांत वैतागले. "मी इथून बटन दाबतो, अन् थो आयकतच नाई. आयकलं का नाई, हेबी कायी सांगत नाई."

प्रोजेक्टर दुरून चालवण्याचा सगळा विषय त्यांच्या या दोन वाक्यांत आला आहे. धुऱ्यावर उभं राहून पलीकडच्या वावरातल्या माणसाला हाक मारली, तर दोन गोष्टी व्हाव्या लागतात. हाक त्याच्यापर्यंत पोचली पाहिजे आणि त्यानं ओ दिली पाहिजे. प्रोजेक्टरला हाक मारायचे बरेच मार्ग आहेत: रिमोटचा उजेड, तार, घरातलं नेटवर्क. कोणता सोपा आणि कोणता स्वस्त, एवढंच बघून माणसं निवड करतात. मी गेली काही वर्षं हे सगळे मार्ग आमच्या माडीत लावून पाहिले, आणि माझं मत असं झालं आहे की पहिला प्रश्न वेगळा विचारावा: या मार्गानं प्रोजेक्टर ओ देतो का?

रिमोटची हाक

रिमोटच्या तोंडाशी जो काचेच्या मण्यासारखा गोळा असतो, तो एक एलईडी आहे. त्याचा उजेड आपल्याला दिसत नाही, कारण त्याची तरंगलांबी साधारण ९४० नॅनोमीटर असते आणि माणसाच्या डोळ्याची धाव ७०० नॅनोमीटरच्या आसपास संपते. यालाच अवरक्त किंवा इन्फ्रारेड म्हणतात. मोबाइलच्या कॅमेऱ्याला मात्र तो पुष्कळदा दिसतो. रिमोट कॅमेऱ्यासमोर धरून बटन दाबलं आणि पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकला, तर रिमोट जिवंत आहे. मागच्या कॅमेऱ्यात हा उजेड अडवणारी काच बहुधा पक्की असते, म्हणून सेल्फीचा कॅमेरा वापरावा. सेल बदलण्याआधी, नवा रिमोट मागवण्याआधी ही तपासणी केली तर अर्धे प्रश्न तिथेच सुटतात.

हा उजेड सलग नसतो. तो सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकतो. एवढी खटपट कशासाठी? कारण खोलीत अवरक्त उजेड सगळीकडून येत असतो. खिडकीतलं ऊन, जुना पिवळा बल्ब, पेटलेली चूल, सगळ्यांतून. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली हजार माणसं एकाच वेळी बोलत असली तरी डफड्याचा ठेका वेगळा कानावर येतोच, कारण त्याला ताल असतो. प्रोजेक्टरच्या आतला रिसीव्हर तसाच त्या ३८ हजारांच्या तालावर कान लावून बसतो आणि बाकीचा गलका सोडून देतो.

या तालावर मग निरोप बसवलेला असतो. एनईसी नावाची पद्धत फार प्रचलित आहे, म्हणून तिचंच उदाहरण घेतो. आधी ९ मिलिसेकंद लांब चमक, जणू 'ऐक रे'. मग साडेचार मिलिसेकंद शांतता. त्यानंतर ३२ छोट्या चमका, आणि प्रत्येक चमकेनंतरची फट आखूड असली तर शून्य, लांब असली तर एक. या ३२ मधल्या पहिल्या ८ खुणा सांगतात की निरोप कोणत्या यंत्राला आहे. पुढच्या ८ त्याच खुणा उलट्या करून येतात. मग ८ खुणा हुकमाच्या आणि पुन्हा ८ त्याच उलट्या. सगळा निरोप ७० मिलिसेकंदांच्या आत संपतो. उलट्या खुणा पडताळ्यासाठी असतात: सुलट आणि उलट जुळले नाहीत, तर रिसीव्हर तो निरोप टाकून देतो. म्हणून रिमोटचं बटन दाबल्यावर भलतंच काही घडण्याचा प्रकार विरळा. एक तर बरोबर घडतं किंवा काहीच घडत नाही.

सगळ्या कंपन्या हीच बोली बोलत नाहीत. सोनीचा ताल ४० हजारांचा, फिलिप्सच्या आरसी-५ पद्धतीचा ३६ हजारांचा. बाजारातला 'सगळ्यांना चालणारा' रिमोट कधी जवळून चालतो आणि लांबून चालत नाही, त्यामागे पुष्कळदा हा तालातला थोडा फरक असतो.

उन्हाचा त्रास हा या विद्येच्या जन्मापासूनचा आहे. अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीनं १९५० मध्ये टीव्हीसाठी जो रिमोट काढला, तो तारेनं जोडलेला होता. १९५५ मध्ये त्यांच्याच युजीन पॉली या अभियंत्यानं तार काढून टाकली आणि विजेरीसारखा साधा उजेड टीव्हीच्या कोपऱ्यांवर मारायची युक्ती केली. तेव्हा तालाची कल्पना त्यात नव्हती, त्यामुळे खिडकीतून ऊन आलं की चॅनेल आपोआप बदलायचे. पुढच्याच वर्षी रॉबर्ट अ‍ॅडलर यांनी ऐकू न येणाऱ्या आवाजावर चालणारा रिमोट आणला. त्यात ॲल्युमिनियमच्या छोट्या दांड्यांवर हातोडी पडायची आणि सेलसुद्धा लागत नसे. अवरक्त उजेड घरोघरी आला तो त्यानंतर कित्येक वर्षांनी.

आमच्या माडीला पश्चिमेची मोठी खिडकी आहे. एप्रिल-मे महिन्यात संध्याकाळी पाच-साडेपाचला तिरपं ऊन थेट प्रोजेक्टरच्या कपाळावर पडतं. ताल ओळखणारा रिसीव्हरसुद्धा एवढ्या झगझगाटात अर्धा बहिरा होतो. आयपीएलची मॅच सुरू होण्याआधी नेमका तोच त्रास. खिडकीला जाड गोधडी लावली आणि तेवढा प्रश्न मिटला.

मोठेबाबांचा प्रश्न उन्हाचा नव्हता. ते मान वळवून मागे वर रिमोट धरायचे आणि मध्ये तुळई आडवी यायची. उजेड भिंतीतून, लाकडातून जात नाही. पण तो भिंतीवर आपटून परततो. पांढरा पडदा तर यासाठी फारच चांगला, कारण तो अवरक्त उजेडही मुबलक परतवतो. मी त्यांना म्हटलं, मागे वळू नका, चित्राकडेच रिमोट धरा. पडद्यावरून उजेड परतला आणि प्रोजेक्टरच्या पुढच्या डोळ्यात गेला. ज्यांचा प्रोजेक्टर डोक्यामागे टांगलेला आहे त्यांनी एक पैसाही खर्च करण्याआधी हे करून पाहावं.

प्रोजेक्टर कपाटात किंवा भिंतीआड असेल, तर तारेचा विस्तारक मिळतो. त्याचे दोन तुकडे: एक 'डोळा', जो बसायच्या जागेजवळ चिकटवायचा, आणि एक छोटा एलईडी, जो प्रोजेक्टरच्या रिसीव्हरच्या काचेवरच चिकटवायचा. रिमोटचा उजेड डोळ्यात जातो, तारेतून विजेच्या रूपात पुढे सरकतो आणि टोकाला पुन्हा उजेड होतो. समज फार लागत नाही, बिघाड कमी. मला हे साधन मनापासून आवडतं.

दुसरं साधन म्हणजे वाय-फायवर चालणारा ब्लास्टर. ब्रॉडलिंकसारख्या कंपन्यांचे हे डबे जुन्या रिमोटचे निरोप शिकून घेतात आणि मोबाइलवरून हुकूम आला की तोच उजेड खोलीभर फेकतात. घेण्याआधी एक गोष्ट विचारून घ्या: हा हुकूम घरातल्या घरात जातो की आधी कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर जाऊन परत येतो? आमच्याकडे मोबाइलचा टॉवर वादळात तासन्‌तास बंद पडतो. अशा वेळी दुसऱ्या जातीचा डबा निव्वळ शोभेचा उरतो, पहिला चालत राहतो.

आता यातली खरी उणीव सांगतो, कारण तिचा फटका मी खाल्ला आहे. बहुतेक रिमोटवर चालू आणि बंद यांना एकच बटन असतं. पुष्कळ प्रोजेक्टर बंद करायला तेच बटन दोनदा दाबावं लागतं, चुकून बंद होऊ नये म्हणून. एकदा नागपूरला लग्नात असताना मला शंका आली की प्रोजेक्टर सुरूच राहिला. मी मोबाइलवरून ब्लास्टरला 'बंद' सांगितलं. त्यानं 'पाठवलं' असा निरोप दिला आणि मी निर्धास्त झालो. पण काकूनं प्रोजेक्टर आधीच बंद केला होता. ब्लास्टरनं बटन दोनदा दाबल्याचा उजेड फेकला. पहिल्या दाबानं प्रोजेक्टर सुरू झाला, आणि तो तापत असताना आलेला दुसरा दाब त्यानं मानला नाही. रिकाम्या माडीत दिवा रात्रभर जळाला. 'पाठवलं' आणि 'ऐकलं' या दोन शब्दांत किती अंतर आहे, ते मला दुसऱ्या दिवशी माडीचं दार उघडल्यावर कळलं. काही प्रोजेक्टरना चालूचा आणि बंदचा वेगवेगळा निरोप असतो. तसा असेल तर ब्लास्टरला तोच शिकवा. आणि या खेळात शिरण्याआधी प्रोजेक्टरच्या सेटिंगमधली 'सिग्नल नसेल तर आपोआप बंद' ही सोय आधी लावा.

तारेचं बोलणं

पुष्कळ प्रोजेक्टरच्या पाठीमागे ३.५ मिलिमीटरचा एक गोल जॅक असतो, त्यावर '१२ व्होल्ट ट्रिगर' असं लिहिलेलं असतं. ट्रिगर हे बहुतेक यंत्रांचं तोंड आहे, कान नाही. प्रोजेक्टर सुरू झाला की तिथून १२ व्होल्ट बाहेर येतात, बंद झाला की जातात. त्या इशाऱ्यावर मोटरचा पडदा खाली उतरतो. बाहेरून तिथे १२ व्होल्ट घातले तर प्रोजेक्टर सुरू होईल, असं समजून कोणी बॅटरी जोडू नये, जॅक जळू शकतो. शिवाय यातून वीज फार थोडी मिळते, म्हणून पडद्याची मोटर थेट त्यावर चालवायची नाही, मध्ये रिले, म्हणजे थोड्या विजेच्या इशाऱ्यावर मोठी वीज जोडणारा खटका, लागतो. काही प्रोजेक्टरना तारेचा रिमोट जोडायला वेगळा जॅक असतो, त्याची गल्लत ट्रिगरशी करू नका. पुस्तिका पाहूनच हात लावा.

खरं बोलणं सुरू होतं ते नऊ टोकांच्या जुन्या जोडणीवर, आरएस-२३२ वर. हे प्रमाण १९६० चं आहे. एवढं जुनं म्हणून नाक मुरडू नका. जिनिंगच्या गेटवर कापसाची गाडी काट्यावर चढते आणि वजनाचा आकडा आतल्या संगणकावर उमटतो, तिथे बहुधा हीच तार काम करत असते. पक्की, हळू आणि भरवशाची.

नऊ टोकांपैकी कामाची तीनच. संगणकाच्या बाजूनं पाहिलं तर दुसऱ्या टोकावर ऐकायचं, तिसऱ्यावर बोलायचं आणि पाचवं टोक दोघांचं सामाईक. एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला जोडलं पाहिजे, नाही तर दोघंही बोलतात आणि कुणीच ऐकत नाही. म्हणून काही प्रोजेक्टरना सरळ तार लागते, काहींना उलटसुलट केलेली, म्हणजे दोन आणि तीन अदलाबदल केलेली. तालुक्याच्या दुकानातून मी आणलेली तार सरळ निघाली आणि आमच्या प्रोजेक्टरला उलटी हवी होती. दोन संध्याकाळी मी सेटिंगमध्ये चूक शोधत बसलो. तार आणली की आधी मल्टिमीटर लावून कोणतं टोक कुठे जातं ते पाहावं.

या तारेवर साध्या अक्षरांत संवाद चालतो. वेग बहुधा सेकंदाला ९,६०० खुणांचा, ८ खुणांचं एक अक्षर, पडताळ्याची खूण नाही, शेवटी थांबण्याची एक खूण. हे दोन्ही बाजूंना सारखं असावं लागतं. एप्सनच्या प्रोजेक्टरला 'पी-डब्ल्यू-आर', मग मोकळी जागा, मग 'ऑन' अशी रोमन अक्षरं पाठवून एंटर दाबलं की तो सुरू होतो. आणि तीच तीन अक्षरं प्रश्नचिन्हासह पाठवली, की तो उत्तर देतो. '००' म्हणजे बंद, '०१' म्हणजे दिवा चालू, '०२' म्हणजे तापतो आहे, '०३' म्हणजे थंड होतो आहे. पहिल्यांदा लॅपटॉपच्या काळ्या खिडकीत ते '०१' उमटलं, तेव्हा मी मोठेबाबांना खालून वर बोलावून दाखवलं होतं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "हं. म्हंजे आता बोलाले लागला थो."

दर कंपनीची बोली वेगळी. बेनक्यूच्या हुकमाच्या सुरुवातीला चांदणीची (*) आणि शेवटी हॅशची (#) खूण लागते, एप्सनला तसलं काही नको. म्हणून आपल्या मॉडेलच्या हुकमांचा तक्ता कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावा.

हातानं सर्किट जोडणाऱ्या पोरांसाठी एक सूचना, कारण ही चूक मी दुसऱ्यांकडे पाहिली आहे. आरएस-२३२ च्या तारेवर ३ ते १५ व्होल्ट अधिक आणि तितकेच उणे असे दाब खेळतात. ईएसपी-३२ सारख्या छोट्या बोर्डाचं टोक ३.३ व्होल्टचं. दोन्ही थेट जोडले तर बोर्ड गेला. मध्ये मॅक्स-३२३२ ही चिप असलेला छोटा मॉड्यूल घाला, त्याचं कामच दोन्ही दाबांमध्ये दुभाषाचं आहे.

लांबीची मर्यादा ढोबळमानानं १५ मीटर धरतात. आमच्या भागात त्याहून मोठी अडचण विजेची, आभाळातल्या. मृगाच्या सुरुवातीला आणि पुन्हा परतीच्या पावसात वीज कडाडते, तेव्हा लांब तांब्याची तार म्हणजे तिला दिलेलं आमंत्रण. वीज थेट घरावर पडायचीही गरज नाही, शेजारच्या झाडावर पडली तरी तारेत दाब उसळतो. आमचं एक पोर्ट असंच गेलं. तेव्हापासून ढग दाटले की तार काढून ठेवतो, आणि अंगणातून जाणारी तार असेल तर मध्ये उजेडानं वेगळं करणारा आयसोलेटर घालावा, असं प्रत्येकाला सांगतो. उंदरांसाठी तार पीव्हीसीच्या नळीतून न्यावी.

एचडीएमआयच्या तारेतही हुकमाची एक वाट असते. तिला सीईसी म्हणतात, १३ व्या टोकावरून ती जाते. टीव्ही स्टिक सुरू केली की प्रोजेक्टर आपोआप सुरू व्हावा, एवढ्यापुरती ती छान. पण प्रत्येक कंपनी तिला स्वतःचं नाव देते आणि थोडं स्वतःचं वळणही, त्यामुळे भरवसा ठेवण्याआधी महिनाभर वापरून पाहा.

घरातलं नेटवर्क

ज्या प्रोजेक्टरला नेटवर्कची सोय आहे, त्याच्या मालकानं इकडे यावंच. लॅनची साधी तार १०० मीटरपर्यंत जाते. वाय-फाय चालतं, पण आमच्या वाड्यासारख्या दोन हात रुंद मातीच्या भिंतींतून ५ गिगाहर्ट्‌झचा सिग्नल धापा टाकत येतो, २.४ गिगाहर्ट्‌झचा जरा बरा.

एक गैरसमज गावात फार आहे: इंटरनेट गेलं म्हणजे नेटवर्क गेलं. तसं नाही. राउटर हा वाड्यातला चौक समजा. गावाबाहेरचा रस्ता बंद झाला म्हणून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचं थांबत नाही. राउटरला वीज मिळते तोवर तुमचा फोन आणि प्रोजेक्टर एकमेकांशी बोलू शकतात, रिचार्ज संपलेला असला तरी.

प्रत्येक यंत्राला या चौकात घर नंबर असतो, आयपी पत्ता. राउटर तो वाटतो आणि मनात आलं की बदलतो. आज दुसऱ्या घरात राहणारा प्रोजेक्टर उद्या सातव्या घरात गेला, तर तुमचा हुकूम भलत्याच दारावर जाईल. म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये प्रोजेक्टरचा पत्ता कायमचा राखून ठेवा. दुसरी सेटिंग प्रोजेक्टरमधली. बंद असताना वीज वाचवण्यासाठी तो नेटवर्कचा कानही बंद करतो. 'स्टँडबाय मोड' नावाच्या ओळीत 'नेटवर्क ऑन' किंवा 'कम्युनिकेशन ऑन' असं काही असेल ते निवडा. नाही तर बंद करता येईल, सुरू मात्र करता येणार नाही, आणि हे का होतंय ते कळायला लोकांचा अख्खा रविवार जातो. थोडी वीज जास्त जळते, ती जळू द्या.

नेटवर्कवरचा मोठा फायदा म्हणजे सामाईक भाषा. जपानमधल्या जेबीएमआयए या उद्योगसंघटनेनं पीजेलिंक नावाची पद्धत ठरवली आणि कितीतरी कंपन्यांच्या प्रोजेक्टरना ती समजते. ४३५२ क्रमांकाच्या पोर्टवर साध्या अक्षरांचे हुकूम जातात: चालू कर, बंद कर, दुसरी इनपुट घे, चित्र-आवाज झाक. घरातली यंत्रं चालवणाऱ्या होम असिस्टंट या मोफत प्रणालीत पीजेलिंकची सोय आहे, त्यामुळे स्वतः काही लिहिण्याचीही गरज नसते. जे स्वतः लिहितात त्यांनी एक लक्षात ठेवा: पीजेलिंकच्या उत्तरात २ म्हणजे थंड होतो आहे आणि ३ म्हणजे तापतो आहे. एप्सनच्या आपल्या बोलीत नेमकं उलट. एका भाषेचा तक्ता दुसरीला लावला, तर सुरू होणारा प्रोजेक्टर तुम्हाला बंद होताना दिसेल. आणखी एक, जोडणी उघडून अर्धा मिनिट गप्प बसलात तर प्रोजेक्टर ती तोडतो. बिघाड समजू नका, पुन्हा जोडा.

पण या भाषेत मला सगळ्यात मोलाचे वाटतात ते दोन प्रश्न. एक, दिवा किती तास जळला? उत्तर तासांत येतं. दुसरा, तब्येत कशी आहे? त्याचं उत्तर सहा आकड्यांत येतं: पंखा, दिवा, तापमान, उघडं झाकण, फिल्टर आणि इतर. ० म्हणजे तक्रार नाही किंवा त्याला ते ओळखता येत नाही, १ म्हणजे इशारा, २ म्हणजे बिघाड. विदर्भात तिसरा आणि पाचवा आकडा डोळ्यांत तेल घालून पाहावा लागतो. बहुतेक घरगुती प्रोजेक्टर ३५ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेले असतात. मे महिन्यात आमच्या माडीत पंखा लावून रात्री नऊलाही तेवढी हवा असते, तुळईजवळ तर जास्तच. त्यात कापसाचा तंतू आणि धुराळा फिल्टरवर बसला की आतली उष्णता बाहेर पडत नाही. रिमोटवर हे सगळं कळायला मार्गच नाही. तो फक्त हाक मारतो.

सुरक्षेचं थोडक्यात. प्रोजेक्टरला पासवर्ड ठेवा. आणि घराबाहेरून चालवायचा असेल तर राउटरचं दार जगाला उघडं करून देऊ नका, व्हीपीएनमधून, म्हणजे फक्त तुमच्यासाठीच्या बंदिस्त वाटेनं, आत या.

वीज जाते तेव्हा

शहरातल्या माणसाला हा भाग नको असेल, आम्हाला हाच पहिला लागतो. दिव्याच्या प्रोजेक्टरमध्ये पाऱ्याच्या वाफेचा दिवा असतो, तो प्रचंड तापतो. बंद केल्यावरही पंखा काही वेळ फिरत राहतो तो त्याला निववण्यासाठी. लाइन गेली की दिवा आणि पंखा एकदमच थांबतात आणि सगळी उष्णता आतच कोंडते. शिवाय गरम दिवा लगेच पेटत नाही, थंड व्हावा लागतो. म्हणून प्रोजेक्टर आणि राउटर दोन्ही यूपीएसवर घ्या. तासभर चालायची गरज नाही, नीट बंद होऊन निवेल एवढी दहा मिनिटं पुरतात. इथे ओ देणारा मार्ग किती कामाला येतो पाहा. यूपीएस छोट्या संगणकाला सांगतो की लाइन गेली. तो दोन मिनिटं वाट पाहतो, लाइन आली नाही तर प्रोजेक्टरला बंद व्हायला सांगतो आणि 'थंड होतो आहे'चं 'बंद' होईपर्यंत विचारत राहतो.

याच कारणासाठी दिव्याच्या प्रोजेक्टरला स्मार्ट प्लगनं बंद करू नये. तो प्लग म्हणजे बटनानं आणलेलं लोडशेडिंगच.

'डायरेक्ट पॉवर ऑन' नावाची एक सेटिंगही पाहून ठेवा. ती चालू असली की वीज आल्याबरोबर प्रोजेक्टर स्वतःहून सुरू होतो. ज्या गावात लाइन रात्री दोनला येते, तिथे ही सेटिंग बंदच हवी.

आमच्या माडीत आता कोनाड्यात 'रास्पबेरी पाय' नावाचा एक छोटा संगणक ठेवला आहे. प्रोजेक्टरशी तो लॅनच्या तारेनं बोलतो. मोठेबाबांचा रिमोट गेला नाही, तो त्यांना सवयीचा आहे. त्याचा उजेड आता खुर्चीसमोरचा एक डोळा पकडतो आणि पायला सांगतो. पाय आधी प्रोजेक्टरला विचारतो, तू कसा आहेस, आणि मगच चालू की बंद ते ठरवतो. खुर्चीच्या हातावर मी एक छोटा दिवा बसवला. प्रोजेक्टरनं ओ दिली की तो पिवळा होतो, चित्र आलं की हिरवा, काही दुखत असेल तर लाल. मोठेबाबा बटन दाबतात, दिव्याकडे पाहतात आणि मागे रेलतात. मान वळवायचं त्यांनी सोडलं आहे.

मागच्या आठवड्यात मॅच चालू असताना दिवा लाल झाला. पायवर पाहिलं तर पाचवा आकडा १ होता. मी प्रोजेक्टर बंद केला, निवेपर्यंत थांबलो आणि फिल्टरचं झाकण उघडलं. आत पांढऱ्या तंतूंचा पेळूसारखा थर जमला होता. रस्त्यापलीकडच्या जिनिंगचा हंगाम सुरू आहे. फिल्टर पाण्यानं धुवायचा नव्हता, मऊ ब्रशनं झाडला. मोठेबाबांनी तो तंतू चिमटीत धरून उजेडात पाहिला.

"कापूस कायी या माडीतून जात नाई, बाप्पा," ते म्हणाले, आणि त्यांनी बटन दाबलं. दिवा पिवळा झाला.